व्हेंट मारताना

दोनशे बारा नग परत आले.
शिरोलीच्या गेटवर ट्रक उभा राहिला
आणि ड्रायव्हर खाली उतरेना,
जणू त्यानंच ते ओतले होते.

पंपाची घरं. वरून गुळगुळीत,
मशीनवर चढली की पोटात भोकं.
पुण्याच्या साहेबांनी प्रत्येकावर
लाल खडूनं फुली मारलेली, न कंटाळता.

भट्टी म्हणाली, वाळू ओली.
वाळू म्हणाली, कोअर कच्चा.
कोअरवाल्यांनी दाखवलेलं बोट फिरत फिरत
कॅन्टीनच्या चहापर्यंत गेलं.
सोमवारची सुट्टी सगळ्यांनी
आपापल्या घरी
आपापला वकील होऊन काढली.

मंगळवारी पिराजींनी घण घेतला.
एकतीस वर्षं साचे करणारा माणूस.
रागानं नाही, देवापुढं नारळ फोडावा तसा
एक नग फोडला
आणि फुटल्या कडेत बोट घालून म्हणाले,
"आत बघा, कसं चकचकीत हाय.
ही घाण न्हवं. वारा हाय ह्यो.
वाट मिळाली न्हाई, म्हणून आत बसला."

मी वाळूच्या लॅबमधली.
वाळू तोलायची, सुकवायची, पुन्हा तोलायची,
ओल किती ते वहीत लिहायचं.
त्या घटकेला माझ्या आत काय कोंडलं होतं
ते मला एकटीला माहीत.

मग बोलले. कसं, ते आठवत नाही.
"तेरा तारखेला दुपारची ओल मी मोजलीच नाही.
काटा बंद होता.
सकाळचाच आकडा खाली उतरवला."

कंप्रेसर तेवढा सुरू होता.
मला वाटलं, आता माझी फुली.

रामप्रवेशनं मनगटाचं फडकं सोडलं.
अजून सुजलेलं.
"शेवटच्या चाळीस पेट्यांना तार नाय मारली.
हात वळत नव्हता.
सांगितलं असतं तर खाडा पडला असता."

दस्तगीर भट्टीकडं तोंड करून म्हणाला,
"लॅडल बी नीट तापवला न्हवता मी. घाई हुती."

चौगलेशेठ वाळूच्या ढिगावर बसले,
इस्त्रीच्या पँटसकट.
"घाई माझी.
तारीख मी दिली, तुम्हाला न विचारता."

कोअर शॉपचा भूपाल काहीच बोलला नाही.
तो दोन महिन्यांनी बोलला,
भलत्याच एका गोष्टीवर,
पण बोलला.

टाळ्या वगैरे वाजल्या नाहीत.
काटा उद्यमनगरात दुरुस्तीला गेला.
रामप्रवेश आठवडाभर पेट्या मोजत बसला,
पूर्ण हजेरीवर, थोडा लाजत.
वहीत मी एक नवा रकाना आखला: "मोजलं नाही".
तो फार दिवस रिकामा राहिला
की मलाच माझी शंका येते.

पूर्वी वाटायचं,
साचा जितका ठोकून ठोकून घट्ट, तितका टिकाऊ.
पिराजी तार पुसत हसले.
"लई ठोकला की गुदमरतोय त्यो.
घट्ट बी पायजे, श्वास बी पायजे.
आणि मोडला तर मोडू दे की,
वाळू कुठं जातीय? गिरणीत घाल,
जरा पाणी, जरा माती,
उद्या परत साचा."

रात्रपाळीला ओतकाम.
लॅडल कलतो, लोखंड आत उतरतं
आणि तारेनं पाडलेल्या भोकाभोकांतून
बारक्या निळ्या ज्योती उठतात.
कोंडलेलं बाहेर येऊन जळतं.
त्या विझेपर्यंत आम्ही कोणी हलत नाही.

पुढच्या लॉटमधले नऊ परत आले.
नऊच.
ड्रायव्हर या खेपेला खाली उतरला,
बशीत चहा ओतून प्याला,
म्हणाला, "आता कुणाची चूक?"

"फोडून बघूया की," पिराजी म्हणाले
आणि घण
माझ्या हातात दिला.