ठिगळ

दुरुस्तीच्या टेबलावर आज
गावकारीची एक वही आहे, सत्तर पानं,
गोयकानडी अक्षरं, समासात पोर्तुगीज शेरे,
आणि पान एकेचाळीस : चाळणी.

कसरीनं नाही खाल्लेलं हे.
वाळवीनंही नाही.
शाईत लोखंड होतं; ते गंजत गंजत
अक्षर अक्षराच्याच आकारात गळून पडलं.
जिथं कारकुनानं जोर देऊन लिहिलं
तिथं आधी.

चोडणहून कायतान मिनेझिस आलेत,
फेरीबोटीचा डिझेलवास अंगाला, छत्री काखेत.
खाजनाचा बांध फुटलाय,
भरतीचं खारं पाणी शेतात.
कूळसंघ म्हणतो, तुमच्या वाट्याचा तुकडा तुम्ही बांधा.
हे म्हणतात, आमच्या वाट्याचा कशावरून?
कुणीतरी सांगितलं, पणजीत वही आहे.

वही आहे.
मानशीपासून पुढं कुणी किती हात बांध राखायचा
ओळीनं लिहिलंय. सहा नावं धड.
सातव्याच्या जागी
भिंगातून टेबलावरची माझी हिरवी चटई दिसते.

"भरा की तुम्ही. तुम्हाला लिपी येते."

येते.
ओळीच्या टोकाला उरलेली ती शेपटी
कोणत्या नावाची, पैजेवर सांगेन.
पण पालयेकर सरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं :
भोक बुजवायचं, अक्षर नाही.

म्हणून गव्हाची खळ, ताकाइतकी पातळ.
जपानी कागदाचा नखाएवढा तुकडा,
कापायचा नाही, ओल्या रेघेवर फाडायचा,
म्हणजे तंतू तंतूला धरतो.
रंग मूळ पानाहून एक छटा फिका;
शंभर वर्षांनी उघडणाऱ्यालाही कळावं
की एवढं आमचं,
त्यांचं नव्हे.

मिनेझिस वाकून बघत राहतात.
मला वाटलं, चिडतील.
"आमच्या बांदार लेगीत अशेंच," ते म्हणतात,
"नवो चिखल वेगळोच दिसता.
उदक पयलीं थंयच येवन पळयता."

नकलेची फी भरतात. सहा नावं, एक कोरी जागा,
खाली आमचा गोल शिक्का.
कागद चौघडी करून पिशवीत, पिशवी शर्टाच्या आत.
मग दारातून परत फिरतात,
अभ्यागतांची वही राहिली होती.
'कामाचं स्वरूप' या रकान्यात लिहितात : बांध.
आणि सही करतात, इतकी दाबून
की खालच्या तीन पानांवर वळ उमटतो.

बॉलपेन आहे, काही होत नाही त्यानं.
तरी माझ्या तोंडाशी आलं होतं,
हळू.