ठिपकेसुद्धा नाहीत

कुताइसीच्या पाणीखात्यातून नानुली निवृत्त झाली
तेव्हा तिजोरीत लिफाफा ठेवून गेली.
लाखेवर तिचा अंगठा. त्याला झाली नऊ वर्षं.

आम्ही आपापल्या नावानं आत जायचो,
कामापुरतं राज्य उसनं घ्यायचो,
परत करायचो. नोंद राहायची.

जानेवारीतल्या एका रात्री सर्व्हर अर्ध्यातच अडला:
रूटचा पासवर्ड द्या.
बेसोनं लाख फोडली. आत एकच ओळ:
असलं कागदावर लिहीत नाहीत. फोन कर.

गाउनवर कोट चढवून आली.
अक्षरं आठवेनात. "गप्प बसा," म्हणाली,
डोळे मिटले, बोटांना पुढे जाऊ दिलं.
पडद्यावर काहीच उमटत नव्हतं,
ठिपकेसुद्धा नाहीत,
अंधारात कुणाची वेणी घालावी तसं चाललेलं.

एकदा चुकली. कीबोर्डला शिवी दिली.
दुसऱ्यांदा हॅश आला,
एकटाच, लुकलुकत्या रेघेशेजारी.

"आता बदल. माझ्यादेखत नको."
आणि खिडकीकडे तोंड करून उभी राहिली.
खाली रिओनी. नदीचं मूळ विचारू नये म्हणतात.
मी नवा टाइप केला, पुन्हा एकदा तोच.

"झालं?" तिनं पाठमोरंच विचारलं.
झालं म्हटलं,
तरी बराच वेळ वळली नाही.