उतार

चाळीस वर्षं मी लोकांचे दात केले,
जेल रोडच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावरच्या लॅबमध्ये.
आता डोंगर करते.
प्लास्टर तेच, मेणाची सुरी तीच.
डोंगर टोचतो म्हणून मात्र
कुणी परत घेऊन येत नाही.

शेजारच्यांच्या फ्रिजचं थर्माकोल,
सियागंजातून, जुझरच्या दुकानातली तार,
वाळक्या दोडक्याची जाळी हिरवी रंगवली की बाभूळ,
चहाचा चोथा उन्हात सुकवला की नांगरलेलं रान.
माळव्याची खरी काळी माती आधी लावून पाहिली होती.
वाळली, आणि भेगाळली शेतासारखीच;
पण या मापात एकेका भेगेत
अख्खी पलटण बुडाली असती.
शेवटी ती कुंडीत परत टाकली.

भाचा म्हणाला, महिदपूर हवंय. अठराशे सतरा.
क्षिप्रा, पलीकडे होळकरांच्या तोफा, मध्ये उतार.
मी सुरी घेऊन बसले.
प्लायवूड पाऊण इंची,
त्यात नदी खणणार कुठे?
दोन दिवस नुसती बघत राहिले.
मग कळलं, खणायचं काहीच नाही.
नदी सोडून बाकी सगळा मुलूख
अर्धा इंच वर उचलायचा.

पाणी म्हणजे वॉर्निश. सात थर, रोज एक.
घाई केली की दुधासारखं होतं.
उतारापाशी मी तिसऱ्या थरावर थांबले,
तळाची वाळू दिसायला हवी,
शिपायाच्या फार तर कमरेला पाणी.
खोटं कशाला बोलू, त्या रात्री
तिथे चौथा, सातवा, दहावा थर
देऊन टाकावा असं वाटलं.
ब्रश भिजवलाही होता.
मग टर्पेंटाइनमध्ये धुऊन ठेवला.
जबडा वाकडा असला तरी
दात त्याच्याच मापाचे करायचे,
हे पहिल्याच वर्षी हाताला लागलेलं.

काठावर मग एक चपटा दगड बसवला.
शेजारच्या झुडपावर दोन लुगडी वाळत घातली,
नखाएवढी, जुन्या रुमालातली,
एक हिरवं, एक विटकं.

रविवारी पोहे झाले, टेबल लागलं.
मिहीरकडे होळकर, जुझरकडे कंपनी.
जुझर टेप धरून वाकला.
"मावशी, हा दगड? ह्याच्या आड शिपाई लपतात का?"
"नाही."
"मग कशासाठी?"
"कपडे धुवायला."
हसला. तरी नियमांच्या वहीत
बोट फिरवत त्याने शोधलं एकदा.

फासे पडले. पलटण उतारात शिरली,
सहा-सहा इंच पुढे.
मिहीरच्या तोफांनी निम्मी कापली, तरी.
तो काहीच बोलला नाही,
नुसता एकेक तोफ उचलून
टेबलाच्या कडेला ठेवत गेला.
मी चहा टाकायला उठले.

संध्याकाळी डोंगर खोक्यात, बाभळी पिशवीत.
जुझर शिपाई मोजत होता,
एक कमी भरला.
झुडपात अडकला होता, संगिनीला विटकं लुगडं घेऊन.
त्याने चिमट्याने ते सोडवलं,
माझ्याकडून फेव्हिकॉलचा थेंब मागून घेतला,
आणि श्वास रोखून
होतं तिथे परत पसरलं.

मी म्हटलं, आण, फळी भिंतीला उभी करते.
"थांबा ना," म्हणाला,
"ओलं आहे अजून."