शेड

बोहरी आळीत दुपारी दोन ते चार
गिऱ्हाईक फिरकत नाही. हातिमभाई गल्ल्यावर पेंगतात,
मी रंगाच्या मशीनचे नळ पुसत बसते.
अशाच वेळी उजगरे आले पहिल्यांदा,
सायकलच्या हँडलला पिशवी, पिशवीत बिस्किटांचा डबा,
डब्यात कापसात निजवलेलं वीतभर डिझेल इंजिन.

"मरून पाहिजे."
मी कार्ड पसरलं. मरूनचे एकोणीस प्रकार.
ते एकेकावर बोट ठेवत, उचलत गेले.
"हा मांडवाचा. हा बँकेच्या दाराचा.
मला ईरी लॅकवानाचा हवाय."

रेल्वे होती म्हणे, अमेरिकेत. शहात्तर साली संपली.
इंजिनं उरली, रूळही बरेचसे उरले,
रंग तेवढा गेला.
नव्या मालकानं सगळ्यांवर निळा फासला.

त्यांच्याकडे एक फोटो, पोस्टकार्डाएवढा:
करडं अंग, कमरेला मरून पट्टा,
पट्ट्याला पिवळे काठ, लुगड्याला असतात तसे.
मी विचारलं, पहिल्या दिवशीचा रंग हवा
की उन्हानं खाल्लेला, शेवटच्या दिवशीचा?
तेव्हा ते माझ्याकडे नीट बघायला लागले.

करडा एका दमात जमला: पारवा, वर थेंबभर काळा.
पिवळ्याला दोन दिवस.
मरूननं पंधरवडा छळलं.
डाळिंबी केला. "फार हसतोय."
वांगी केला. "हा पिऊन आलाय."
मग एका रात्री आमटीसाठी भिजत घातलेलं आमसूल
वाटीतून काढून ट्यूबलाइटखाली धरलं,
आणि सकाळी तेच, चिमटीत धरून, दुकानात आणलं.
उजगऱ्यांनी चष्मा काढला.
वहीत लिहिलं: ईरी लॅकवाना. आमसुली, भिजलेली.

पुढे येतच राहिले.
मिलवॉकी रोडचा नारिंगी, ज्याच्या शेजारी काळा लागतोच.
रॉक आयलंडचा आभाळी, अगदी शेवटचा,
दिवाळखोरीत काढलेला.
"खिशात दमडी नाही आणि नवा सदरा शिवला," ते म्हणाले,
"मला तर तोच जास्त आवडतो."

एकतीस वर्षं घोरपडीच्या डिझेल शेडमध्ये, पेंट सेक्शनला.
जुन्या इंजिनांवर पितळी पाटी असायची,
स्केनेक्टडी, न्यूयॉर्क.
फवारा मारण्याआधी तिच्यावर ग्रीस थापायचं,
मग चिंधीनं पुसून अक्षरं मोकळी करायची.
"त्या गावाला मी एकतीस वर्षं रंगापासून वाचवलं.
पाहिलं मात्र नाही."

मी सहज म्हटलं, आणि तुमची शेड?
"घोरपडी. सांगितलं की."
ती नाही हो. रंगाची.

उजगरे स्टुलावर बसले.
बाहेर हातगाडीवाला पत्रे उतरवत होता,
ते संपेपर्यंत बोलले नाहीत.

नंबर कागदावर होता, म्हणाले, पण कागद कोण बघतो.
ड्रममध्ये कालवायचो डोळ्यानं,
गायके काठी फिरवायचा, मी थांब म्हणायचो.
फोटो काढायला बंदी.
मग वरून हुकूम आला, पट्टा बदला,
आणि त्यावर नवा रंग मारला तो मीच.
तीन दिवसांत सोळा इंजिनं.
"फिका होता. सायीसारखा... सायीखालच्या चहासारखा."

सायीसारखा केला. नाही.
चहासारखा केला. नाही.
गायके असते तर, म्हणाले, आणि वाक्य तिथंच सोडलं.
परक्या मुलखाचे सतरा रंग तोंडपाठ असलेला माणूस
स्वतःच्या हातचा एक आठवत
डोळे मिटून बसला होता.

आता फळीवर सात डबे आहेत.
झाकणावर अंगठ्यानं ठिपका लावतो आम्ही,
आत काय आहे ते कळावं म्हणून.
सात ठिपके, सातही जवळपास.
सातव्यापाशी ते जरा जास्त थांबले.
हातिमभाई जागे झाले, बिलबुक ओढलं,
"शेडचं नाव काय लिहू?"

मी म्हटलं, थांबा.
ओला आहे अजून.
वाळल्यावर बदलतो.