पाय मोडलेली अक्षरं

तिन्ही सॉफ्टवेअरांची फुकटची मुदत शुक्रवारी संपत होती.
प्रभादेवीच्या ऑफिसात, चौथ्या मजल्यावर,
हेरंबने तक्ता केला: किंमत, वेग,
एका वेळी किती जणांना काम करता येतं,
एका पडद्यावरून दुसऱ्यावर किती गुळगुळीत सरकतं.
फरझाना म्हणाली, पहिलंच घ्या, सगळे तेच वापरतात.
कारखानीस म्हणाले, सगळे राहू देत,
माणशी दरमहा किती?

मी चौकोन काढत बसले होते.
करडे चौकोन. फोटोच्या जागी फुली,
बटणाच्या जागी ‘बटण’,
नावाच्या जागी लॅटिनसारखं काहीतरी,
जे कुणाचंच नाव नसतं.
घराच्या नुसत्या चुन्याच्या रेघा आखलेल्या
आणि पाहुणे उद्या येणार.

काम परळच्या इस्पितळाचं.
हाडांचा विभाग, केसपेपरची खिडकी.
तिन्ही नमुने घेऊन मी गेले.
खिडकीमागे ज्योत्स्ना तांडेल,
एकोणीस वर्षं त्याच खुर्चीवर.
शिक्का मारता मारता म्हणाली, दाखव.
मी म्हटलं, कुठलंही नाव टाका.
तिने स्वतःचं टाकलं.

पहिल्यात ती ज् योत् स् ना झाली.
दुसऱ्यात मधली अक्षरंच गेली, तिथे चौकोन,
रिकामा,
माझ्या करड्या चौकोनांचा सख्खा भाऊ.
तिने चष्मा कपाळावर चढवला,
रांगेतल्या प्लास्टरांकडे पाहिलं, मग पडद्याकडे.
“अगो बाय, याचे तर सगळे पाय मोडलेत.
याला आधी एक्स-रेला धाड.”

रांग हसली.
कुबडीवाला एक म्हातारा सगळ्यांत जास्त.

तिसरं जड होतं, उघडायला वेळ घ्यायचं,
दिसायला जुनाट, हेरंबच्या तक्त्यात तळाला.
त्यात ती अख्खी उमटली:
‘त’ने ‘स’ला धरलेलं, ‘स’ने ‘ना’ला,
खांद्यावर हात टाकून
तिघं जिना उतरतात तसं.
“हां,” ती म्हणाली, “ही मी.”
आणि श्वासही न घेता, “मागे जायचं बटण चालत नाय.”

ते मी जोडलंच नव्हतं.

संध्याकाळी तक्त्यात एक रकाना वाढवला.
हा कशाचा, हेरंबने विचारलं.
पायांचा, मी म्हटलं.
त्याने वर पाहिलं, पण पुसला नाही.
कारखानीस दारातूनच म्हणाले,
ते माणशी किती, ते राहिलं.
सांगते, मी म्हटलं,
आणि मागे जायच्या बटणाला
मागचा पडदा जोडत राहिले.