दोराला लगडतं ते

आरोसाच्या खाडीत आमचा तराफा आहे,
निलगिरीच्या ओंडक्यांचा.
त्याला पाचशे दोर टांगलेले, बारा-बारा मीटर खोल.
तेवीस वर्षं मी हेच बघत आले:
पाण्यात सोडलेलं काही उघडं राहत नाही.
दोर, साखळी, हातून निसटलेला चमचा.
एकदा तर नवऱ्याचा चष्मा वर आला,
काचेवर इवल्या शिणाण्यांची केसाळ रांग.

म्हणून डॉक्टर सेओआने
तारेची ती दुहेरी चकती टेबलावर ठेवून म्हणाल्या,
सहा महिन्यांत हिच्यावर इरियाचंच अस्तर चढेल,
हृदय हिला आपली म्हणेल,
तेव्हा मला समजावून सांगावं लागलं नाही.
एवढंच विचारलं: आणि आधी दुसरंच कुणी येऊन बसलं तर?
क्वचित, म्हणाल्या त्या.
फार क्वचित.

जांघेतल्या शिरेतून नळी वर गेली,
दोन कप्प्यांमधलं भोक बुजलं.
चौथ्या दिवशी पोरगी आमचा जिना चढली
आणि वरून ओरडली, आई, धाप नाही!
समोरच्या खिडकीत एल्विराने टाळ्या वाजवल्या.

दाताच्या डॉक्टरकडे जाण्याआधी गोळी, सहा महिने,
असा कागद मी फ्रिजवर चिकटवला होता.
सातव्या महिन्यात काढला.
चिकटपट्टीचे चार कोपरे अजून तिथेच आहेत.

चौदाव्या महिन्यात, ऑक्टोबरच्या काढणीला,
शिंपल्याच्या धारेने तिचा अंगठा कापला.
मी म्हणाले, खाऱ्या पाण्यात बुडव.
मला माझ्या आईने हेच सांगितलं होतं
आणि माझे दोन्ही अंगठे जागेवर आहेत.

अंगठा पिकला, मग बरा झाला.
ताप मात्र राहिला.
भरतीसारखा म्हणवत नाही,
भरतीला वेळापत्रक असतं.
गावच्या दवाखान्यात फ्लू म्हणाले. आठवड्याने पुन्हा फ्लू.
मग तिच्या नखांखाली बारीक लाल रेघा दिसल्या,
काडी रुतून बसावी तशा,
आणि नवऱ्याने न बोलता गाडी काढली.

कोरुन्याला तीनदा रक्त घेतलं, तिन्ही वेळा जंतू उगवले.
घशातून नळी उतरवून पडद्यावर हृदय दाखवलं.
चकतीच्या काठाला काहीतरी
दर ठोक्याला डुलत होतं.
तिथला पोरगा त्याचं नाव सांगू लागला.
मी म्हणाले, राहू दे, ओळखते मी.
बी धरलेला दोर असाच हलतो.

सहा आठवडे शिरेतून औषध.
दुसऱ्या आठवड्यात छाती उघडली.
काढलेली चकती मी बघायला मागितली.
नवरा बाहेर गेला. मी बाटली खिडकीजवळ धरली.
अर्ध्या चकतीवर अस्तर होतं,
शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखं गुळगुळीत,
इतकं नीट की मला अभिमान वाटला.
उरलेल्या अर्ध्यावर तार नागडी.
इतक्या महिन्यांत तिथे ना लेकीचं शरीर पोहोचलं, ना काही,
आणि मग जे पोहोचलं ते पोहोचलं.

का, विचारलं.
डॉक्टरीणबाईंनाही सांगता येईना.
आमच्याकडेही होतं असं: भरलेल्या दोराचा वीतभर तुकडा
सबंध हंगाम रिकामा राहतो.
म्हाताऱ्यांना विचारा, खांदे उडवतात.

अंगठ्यामुळेच का, हेही विचारलं.
त्या म्हणाल्या, कदाचित. हिरडी असेल, पुरळ असेल,
आता सिद्ध करता यायचं नाही.
ते कदाचित मी दीडशे किलोमीटर
मांडीवर घेऊन आले.

भोकावर आता तिच्याच हृदयाच्या आवरणाचं ठिगळ आहे.
त्यात परकं काही नाही, दोरा सोडून.

एप्रिलमध्ये ती म्हणाली, तराफ्यावर येते.
नको म्हणायला मी तोंड उघडलं
आणि तिचे हातमोजे शोधू लागले.
ती ओंडक्यावर बसून शिंपले निवडते,
छातीवरची रेघ स्वेटरच्या गळ्यातून वर डोकावते.
मी तिच्या अंगठ्याकडे बघत नाही असं दाखवते.
ती मधूनच मोजा काढते,
हात माझ्यासमोर धरते, दोन्ही बाजूंनी,
आणि पुन्हा कामाला लागते.