काटा मागे नेलेला नाही

सकाळी सहाला बोलावलं ते यासाठीच, फरहान.
दहानंतर वादी कबीरात सगळंच गरम असतं.
आत्ता बॉनेटवर हात ठेव. थंड आहे ना?
दुसरीकडे गाडी बघायला जाशील
आणि इंजिन आधीच ऊबदार लागेल,
तर समज, मालकाने काहीतरी झाकायला
तिला पहाटेच उठवून बसवलंय.

टायरची नक्षी बघू नकोस.
वाक, कुशीवरचे चार आकडे वाच,
आठवडा आणि वर्ष.
इथे टायर धावून मरत नाहीत,
उभ्या उभ्या मरतात, पार्किंगात,
नक्षी अगदी नव्या नवरीसारखी ठेवून.

बॅटरी दोन उन्हाळे.
तिसऱ्याची आशा धरू नये.
ती आधी खोकत नाही, कण्हत नाही,
गुरुवारी रात्री पिशव्यांत मासे घेऊन तू येतोस
आणि ती नुसती म्हणते, टक्.

रेडिएटरात पाणी नाही, कूलंट.
पाणी मी एकदा घातलं होतं,
बिदबिदच्या पुढे, चढावर,
लेकीच्या शाळेच्या बाटलीतलं.
झाकण गरम असतानाच उघडलं.
हा बघ मनगटावरचा डाग.
तेव्हापासून ताकही नाही, वाफसुद्धा फुंकून बघते.

उस्ताद गुलजमान म्हणायचा,
गाडी बोलते, बाजी,
तुम्ही फक्त रेडिओ बंद ठेवा.
मी ठेवला. महिनाभर.
पट्टा चिरकतो तो आवाज वेगळा,
बेअरिंग घुमतं तो वेगळा,
आणि शेजारच्या सीटवरून हे म्हणायचे,
ब्रेक, ब्रेक, अगं ब्रेक, तो आणखी वेगळा.

ही वही घे.
तेल, फिल्टर, पासिंग, विमा, सगळं बैशांपर्यंत.
एसीचा कॉम्प्रेसर दोनदा.
दुसऱ्यांदा बदलला त्या पानावर
इन्सुलिनचाही हिशेब आहे, तो सोडून दे.
त्या वर्षी ह्यांची नजर अंधुक झाली,
मी तोवर चार वेळा नापास.
ड्रममध्ये गाडी मागे घेताना
एक ड्रम नेहमी आडवा.
पाचव्यांदा पोलीस काही बोलला नाही,
फक्त कागदावर सही केली.
मी पार्किंगात बसून पोटभर रडले, एसी लावून.

हमरियातला दलाल परवा आला होता.
म्हणाला, दोन लाख सत्त्याऐंशी हजार कोण घेणार?
काटा मागे नेतो, एक लाख चाळीसवर,
दोनशे रियाल वर मिळतील.
मी विचारलं, पुसणार कुठले?
घुब्र्याच्या शाळेचे अकरा जायचे, अकरा यायचे?
की रात्री दोनचे, लाल दिव्यांतून, हॉस्पिटलचे?
तो म्हणाला, मॅडम, किलोमीटर सगळे सारखेच.
त्याला चहा दिला आणि वाटेला लावला.

जुवेरिया, तू मागे का उभी?
हो, बरोबर बघितलंस. दाराखालचा पोचा माझा.
एकटीने काढली त्या पहिल्या दिवशी, तळघरातला खांब.
हे म्हणाले, राहू दे, ओळखायला बरं.
दुरुस्तीचे वीस रियाल वाचले
आणि गर्दीत गाडी सापडायला लागली.

तुझं लायसन्स?
काय म्हणतो हा? गरज काय?
फरहान, इकडे बघ.
सहाशे पन्नास ठरले होते.
मी सहाशे घेते.
उरलेले पन्नास तुझे नव्हेत,
रुवीच्या त्या मास्तरणीला द्यायचे, नंबर वहीत शेवटी.
पुरणार नाहीत. पुढचे तू घाल.
कबूल असेल तर मुल्कियावर नाव चढवू.
नसेल तर दलाल आहेच, त्याच्याकडे पुष्कळ गाड्या,
सगळ्या एक लाख चाळीसच्या.

हसतेस काय? धर चावी.
सीट पुढे घे, आणखी, आरसा तुझ्या डोळ्यांना लाव.
चालवू नकोस अजून, नुसती बस.

आणि हो, मागची उजवी काच
अर्ध्यावर अडकते.
दोन्ही तळव्यांनी धरून वर ओढायची.
काकीने सांगितलं नव्हतं, असं म्हणू नका.